जाम बोल्ट सोडवायचा कसा? विमानाच्या इंजिनाचे शास्त्र, ट्रॅक्टरलाही लागू

नट हलत नाही म्हटले की पान्याला पाइप अडकवायचा, त्यावर पाय द्यायचा आणि ‘निघतोय का बघू’ म्हणत जोर लावायचा. धाराशिव, तुळजापूर, कळंबपासून उमरग्यापर्यंतच्या गॅरेजमध्ये, शेतातल्या मोटारीजवळ आणि हंगाम संपल्यावर साखर कारखान्याच्या दुरुस्तीत हे दृश्य रोजचे. कधी नट सुटतो, कधी बोल्टचे डोके तुटून हातात येते, तर कधी पाना निसटून मिस्त्रीची बोटे सोलून निघतात.

विमानाचे इंजिन उघडतानाही हाच प्रश्न रोज समोर येतो. तिथले बोल्ट तर कित्येक पट अधिक उष्णता आणि कंपने सोसलेले असतात. तरीही तिथे पाइप लावून जोर काढण्याची मुभा नसते. मग ते बोल्ट निघतात कसे? त्यातले किती आपल्या ट्रॅक्टरला, थ्रेशरला, पंपाला लागू पडते? समजून घेऊ.

■ बोल्ट मुळात धरून ठेवतो कसा?

बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. पूर्वस्थितीत येण्याची त्याची धडपड दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. जोड टिकतो तो या ताणामुळे.

गंमत अशी की पान्याने लावलेल्या जोराचा फार थोडा भाग या ताणासाठी कामी येतो. अभियांत्रिकीतला ढोबळ हिशेब सांगतो, की सुमारे ५० टक्के जोर नटाच्या किंवा डोक्याच्या खालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि उरलेला १० टक्के बोल्ट ताणतो. म्हणजे सारा खेळ घर्षणाचा आहे. आट्यांमध्ये गंज, काजळी किंवा माती शिरली की घर्षण वाढते आणि तोच बोल्ट आवळताना लागला त्याहून कितीतरी जास्त जोर सोडवताना मागतो.

तो जोर बोल्टला पेलतो का, हा खरा प्रश्न. सर्वसाधारण ८.८ दर्जाचा १० मिलिमीटरचा बोल्ट ४५ ते ५० न्यूटन मीटरला आवळतात. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा भार दिला की साधारण ५९ न्यूटन मीटर होतात. तेवढाच भार एक मीटर पाइपच्या टोकाला दिला की १९६ न्यूटन मीटर. हाताला वजन तेवढेच वाटते, पण बोल्टवर तिपटीहून अधिक पीळ बसतो. बोल्ट तुटतो तो इथे.

■ जाम होण्याची पाच कारणे

उपाय निवडण्याआधी बोल्ट कशाने अडकला आहे हे ओळखावे लागते. कारण वेगळे, तर इलाजही वेगळा.

१. गंज : गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. आट्यांमधली फट केसाएवढीही नसते. गंज तिथे फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबतो. विहिरीजवळचे, खताच्या आणि फवारणीच्या संपर्कातले बोल्ट लवकर अडकतात ते यामुळे.

२. दोन वेगळे धातू : ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल आणि त्यात ओल शिरली, तर तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. विमानाच्या इंजिनाची अनेक आवरणे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची असल्याने तिथे ही अडचण जुनीच आहे.

३. धातू धातूला चिकटणे : स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियममध्ये हे विशेष होते. पृष्ठभागावरचा पातळ संरक्षक थर घासून निघाला की दोन्ही उघडे धातू एकमेकांना वितळल्याविना जोडले जातात. इथे जितके फिरवावे तितके अधिक चिकटते. तंत्रज्ञ याला ‘गॉलिंग’ म्हणतात.

४. उष्णता आणि काजळी : धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचे, टर्बाइनजवळचे बोल्ट वारंवार तापतात आणि थंड होतात. तेल जळून त्याचा कोळसा होतो, लावलेले वंगण उडून जाते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो.

५. मुद्दाम केलेली पकड : आटे जोडणारा चिकट द्रव, आतून नायलॉनचे कडे असलेला नट, वाकवलेली पट्टी, खिळपिन किंवा तार. हा बोल्ट जाम झालेला नसतो. त्याचे कुलूप आधी उघडलेले नसते, एवढेच.

■ विमानाच्या इंजिनात काय वेगळे?

आधुनिक जेट इंजिनात टर्बाइनवर आदळणाऱ्या वायूचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकते. त्या परिसरातले बोल्ट साध्या पोलादाचे चालत नाहीत. निकेलवर आधारित इन्कोनेल, वास्पालॉय यांसारखे मिश्रधातू वापरावे लागतात. हे धातू उष्णतेत ताकद टिकवतात, पण एकमेकांना चिकटण्याची खोडही त्यांना असते. म्हणून उष्ण भागातल्या अनेक नटांच्या आट्यांवर चांदीचा पातळ मुलामा असतो. तो दागिन्यासारखा दिसावा म्हणून दिलेला नसतो. चांदी मऊ असल्याने ती वंगणाचे काम करते आणि पुढच्या वेळी नट सुटतो.

दुसरा फरक डोक्याचा. गाड्यांच्या बोल्टचे डोके बहुधा षटकोनी असते. विमानाच्या इंजिनात बारा टोकांचे डोके सर्रास दिसते. जागा अरुंद असते, पाना थोडाच फिरवता येतो, म्हणून जास्त टोके. पण त्यासाठी नेमक्या मापाचा बॉक्स पाना आणि तो पूर्ण खोल बसलेला असणे सक्तीचे. अर्धवट बसलेल्या पान्याने टोके गोल झाली की सोपे काम अवघड होते.

तिसरा आणि सर्वांत मोठा फरक कागदाचा. इंजिन उघडण्याची प्रत्येक पायरी उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर, अडला तर कोणते द्रव्य, किती उष्णता, किती जोर. पुस्तिकेबाहेरचा उपाय करायचा तर उत्पादकाची किंवा अधिकृत अभियंत्याची मंजुरी लागते. आणि काम झाल्यावर परवानाधारक अभियंता स्वतःच्या सहीने त्याची जबाबदारी घेतो.

■ सोडवण्याचा क्रम : आधी सौम्य, मग कठोर

विमान कार्यशाळेतला साधा नियम असा : ज्याने सर्वांत कमी नुकसान होईल ते आधी करायचे. पुढची पायरी मागची फसल्यावरच.

पहिली पायरी, पाहणे. बोल्टला तार, पिन, वाकवलेली पट्टी आहे का? आटे उजवे की डावे? बहुतेक बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात, पण फिरत्या दंडांवरचे काही नट डाव्या आट्यांचे असतात, म्हणजे कामाच्या वेळी ते आपोआप सैल होऊ नयेत. सायकलचे डावे पायडल हे त्याचे घरातले उदाहरण. उलट्या आट्यांचा नट ‘सोडवताना’ आणखी आवळून तोडणारे कमी नाहीत.

दुसरी पायरी, स्वच्छता. बाहेर उघडे दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे. नट सुटताना याच आट्यांवरून जाणार असतो. तिथली माती आणि गंज नटाखाली गेला तर सुटत आलेला नट मध्येच पुन्हा अडकतो.

तिसरी पायरी, आत शिरणारे तेल. या तेलाचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते बारीक फटीत ओढले जाते. पण त्याला वेळ लागतो. तेल मारले आणि लगेच पाना लावला, तर तेल न मारल्यासारखेच. निदान पंधरा-वीस मिनिटे, गंज जुना असेल तर रात्रभर, मधूनमधून पुन्हा तेल देत थांबावे. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले की कंपनांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. ठोका सरळ आणि हलका हवा.

आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या ‘डब्ल्यूडी-४०’ची जन्मकथाही उड्डाणाशी जोडलेली आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ते तयार झाले आणि ‘ॲटलस’ क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंजापासून वाचवण्यासाठी वापरले गेले. नावातले ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. मूळ काम ओल घालवण्याचे असल्याने फार जुन्या गंजासाठी खास आत शिरणारी तेले अधिक उपयोगी ठरतात.

चौथी पायरी, आधी किंचित आवळणे. ऐकायला उलटे वाटते, पण अगदी थोडा आवळण्याच्या दिशेने दाब दिला की गंजाची पकड मोडते. मग सोडवायचे. थोडा सुटला की पुन्हा थोडा आत, तेल, पुन्हा बाहेर. आटे पाडताना टॅप जसा पुढे-मागे फिरवतात, तसेच. मात्र स्टेनलेस बोल्ट चिकटल्याची शंका असेल तर हे टाळावे.

पाचवी पायरी, तापमानाचा फरक. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ॲल्युमिनियमच्या भागातले १० मिलिमीटरचे छिद्र आणि त्यातला पोलादी बोल्ट दोन्ही ८० अंशांनी तापवले, तर छिद्र सुमारे ०.०१८ मिलिमीटरने वाढते आणि बोल्ट सुमारे ०.०१० मिलिमीटरने. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी, पण गंजाची पाचर सैल व्हायला तेवढा पुरतो. पोलादी नट पोलादी बोल्टवर असेल तर दोघांना तापवून उपयोग नाही. नट तापवायचा, बोल्ट थंड ठेवायचा.

विमानाच्या इंजिनावर यासाठी उघडी ज्योत वापरत नाहीत. तापमान मोजता येईल अशी गरम हवेची बंदूक वापरतात. कारण दोन. इंधन आणि तेल जवळ असते, हे उघड कारण. कमी माहीत असलेले कारण असे, की उष्णताप्रक्रियेने मजबूत केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू जास्त तापला तर दिसायला तसाच राहतो, पण त्याची ताकद कायमची जाते.

याच तत्त्वाची थंड बाजूही वापरली जाते. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनात स्पार्क प्लग सिलिंडरमध्ये घट्ट बसला, तर अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या देखभाल पुस्तिकेत एक नामी उपाय दिला आहे. प्लगवर धातूचे नरसाळे ठेवायचे आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा थंडगार झोत सोडायचा. प्लग गोठून आकसतो, सिलिंडर तेवढा आकसत नाही, आणि पकड सुटते.

सहावी पायरी, झटका. सलग पिळण्यापेक्षा छोटे छोटे झटके गंज लवकर फोडतात. इम्पॅक्ट पाना हेच करतो. विमानाच्या इंजिनात तो कुठे चालेल आणि कुठे नाही, हे पुस्तिका ठरवते, कारण झटका शेजारच्या बेअरिंगलाही बसतो.

■ बोल्ट तुटलाच तर?

थोडे टोक वर राहिले असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगची उष्णता गंज मोडते आणि नवा नट पकडायला मिळतो. गॅरेजमध्ये ही युक्ती चांगली चालते. विमानाच्या इंजिनावर पुस्तिकेने परवानगी दिल्याशिवाय ती वर्ज्य.

बोल्ट छिद्राच्या आतच तुटला तर नेमका मध्य साधून पंच मारायचा आणि डाव्या दिशेने कापणाऱ्या ड्रिलने भोक पाडायचे. अनेकदा भोक पाडतानाच तुकडा सुटून बाहेर येतो, कारण ड्रिल त्याला सोडवण्याच्या दिशेनेच फिरवत असते. नाही आला तर भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवतात. तो अतिशय कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही आणि दुखणे दुप्पट होते. म्हणून एक्स्ट्रॅक्टरवर जोर मोजूनच लावावा.

मोठ्या इंजिन कार्यशाळांमध्ये अशा वेळी विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र वापरतात. ते तुटलेला तुकडा भुकटी करून काढते आणि मूळ छिद्राच्या आट्यांना हात लावत नाही. आटे खराब झालेच तर छिद्र किंचित मोठे करून त्यात तारेच्या वेटोळ्यांचे नवे आटे बसवतात. ही सोय आता मोठ्या लेथ वर्कशॉपमध्येही मिळते.

काम कोणतेही असो, पडलेला प्रत्येक कीस, तुकडा, वॉशर मोजून बाहेर काढला जातो. विमान कार्यशाळेत प्रत्येक हत्याराची जागा फळ्यावर आखलेली असते. एक पाना कमी दिसला तरी इंजिन बंद होत नाही, आधी पाना शोधतात.

■ पेन्सिलची खूण का चालत नाही?

काही नियम ऐकून आश्चर्य वाटेल. उष्ण भागाच्या सुट्या भागांवर शिसपेन्सिलने खूण करायला मनाई असते. पेन्सिलमधला कार्बन इंजिन तापल्यावर धातूत शिरतो, तो भाग ठिसूळ होतो आणि तिथूनच तडा जाऊ शकतो. त्यासाठी खास मंजूर शाई किंवा खडू वापरतात. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारे उष्ण भागांजवळ आणि कॅडमियमचा मुलामा असलेली हत्यारे टायटॅनियमजवळ नेत नाहीत, त्याचेही कारण हेच. काही क्लोरीनयुक्त द्रावणे टायटॅनियमला तडे पाडतात. म्हणजे बोल्ट निघाला की काम संपले असे होत नाही. तो काढताना मागे काय सोडले, याचाही हिशेब द्यावा लागतो.

■ घाईची किंमत : तीन घटना

२५ मे १९७९. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून उडताना डीसी-१० विमानाचे डावे इंजिन त्याला धरणाऱ्या पायलॉनसह निखळले. विमानातील २७१ आणि जमिनीवरील दोन, अशा २७३ जणांचा मृत्यू झाला. तपासात मूळ सापडले ते आधीच्या देखभालीत. उत्पादकाची पद्धत अशी होती, की आधी इंजिन उतरवायचे, मग पायलॉन. पण सुमारे २०० मनुष्यतास वाचतात म्हणून दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टवर उतरवले जात होते. भार किंचित सरकला आणि पायलॉनच्या मागच्या जोडाला तडा गेला. बाहेरून तो कोणाला दिसला नाही.

१० जून १९९०. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या बीएसी १-११ विमानाची समोरची काच सुमारे १७ हजार फुटांवर उडून गेली. कॅप्टनचे अर्धे शरीर बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान उतरवले. सगळे वाचले. त्याआधी २७ तासांपूर्वी काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाला मिलिमीटरच्या अंशाने लहान होते, उरलेले सहा आखूड होते. बदली बोल्ट पुस्तिका उघडून निवडलेले नव्हते. काढलेल्या जुन्या बोल्टशी डोळ्यांनी जुळवून घेतले होते, आणि ते जुने बोल्टही योग्य मापाचे नव्हते.

२० ऑगस्ट २००७. जपानमधील ओकिनावाच्या नाहा विमानतळावर बोइंग ७३७-८०० उतरून थांबले आणि पेटले. १६५ जण वेळेत बाहेर पडले, विमान खाक झाले. पंखाच्या पुढच्या पट्टीच्या यंत्रणेतील एका नटाखालचा वॉशर देखभालीत राहून गेला होता. त्यामुळे बोल्टचा जोड निसटून आत पडला आणि पट्टी मिटताना त्याने इंधनाची टाकी फोडली.

तिन्ही घटनांत कोणी मुद्दाम काही केलेले नव्हते. पहिलीत उतरवण्याचा क्रम बदलला, दुसरीत माप डोळ्यांनी घेतले, तिसरीत एक वॉशर राहिला.

■ महाराष्ट्रात हे काम कुठे चालते?

धाराशिवला धावपट्टी आहे, पण इंजिन उघडणारी कार्यशाळा जिल्ह्यात नाही. राज्यात नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग मालिकेच्या विमानांसाठी उभा राहिला आणि पुढे सुखोई-३० एमकेआयचे उत्पादन आणि मोठी दुरुस्ती तिथे होऊ लागली. या लढाऊ विमानांच्या इंजिनांचे काम ओडिशातील कोरापुट येथे चालते. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगच्या सहकार्याने उभारलेले देखभाल केंद्र आहे, तर मुंबईत प्रवासी विमानांच्या देखभालीची जुनी परंपरा आहे.

मराठवाड्याला जवळचे उदाहरण म्हणजे बारामती. तिथे वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात. अशा विमानांत सर्रास दिसणाऱ्या लायकॉमिंगच्या अनेक पिस्टन इंजिनांसाठी उत्पादक २००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा संपूर्ण उघडून दुरुस्तीची शिफारस करतो. सिलिंडर, नट, स्टड, धुराच्या नळ्या हे सारे ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला ओळखीचे वाटावे असेच.

या क्षेत्रात जायचे तर विमान देखभाल अभियंत्याचा परवाना लागतो. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेल्या विद्यार्थ्यांना डीजीसीएमान्य संस्थांत प्रवेश घेता येतो. मात्र केवळ अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना मिळत नाही. डीजीसीएच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन्ही लागतात. शुल्क मोठे असते, म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता चालू आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. जाहिरातीवर विसंबू नये.

■ आपल्या यंत्रांसाठी काय घ्यायचे?

उन्हाळ्यात बोअरचा पंप वर काढताना पाइपच्या जोडाचा एक बोल्ट तुटला की दिवस वाया जातो आणि पाणी थांबते. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर उभा राहिला तर वाफसा निघून जातो. राष्ट्रीय महामार्ग ५२ वर मालट्रकचे चाक अडले तर भाडे बुडते. म्हणून विमानवाल्यांच्या या सवयी इथेही पैशांच्या आहेत.

• सुरुवात वीज आणि इंजिन बंद करून. पंपाचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढून ठेवा. ट्रॅक्टरची किल्ली काढा, पीटीओ बंद करा. जॅकवर उचललेल्या यंत्राखाली ठोकळे दिल्याशिवाय हात घालू नका.

• चाकाचे नट टायर जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावा. हवेत लटकलेल्या चाकावर जोर लावला की यंत्र जॅकवरून घसरते.

• काम उद्या आहे ना? तेल आज संध्याकाळी द्या. रात्रभराचे तेल मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचवते.

• रिंग पाना किंवा सहा कोनांचा बॉक्स पाना वापरा. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू पकडतो आणि कोपरे गोल करतो. ॲडजस्टेबल पाना शेवटचा पर्याय.

• पाना शक्यतो स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना निसटला तर बोटे लोखंडावर आदळतात. चष्मा लावा, गंजाचा कण डोळ्यात जायला क्षण लागतो.

• हवा भरलेले टायर रिमवर असताना तिथल्या नटाला गॅसची ज्योत कधीही लावू नका. आतले रबर तापून वायू तयार होतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. डिझेलची टाकी, हायड्रॉलिकची नळी, बॅटरी यांच्याजवळही ज्योत नको.

• जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर निघणारा पांढरा धूर छातीत गेल्यास ताप आणि थंडी भरते. काम मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून करा.

• झाकणाचे बोल्ट एका बाजूने ओळीने सोडू नका. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा, नाहीतर शेवटच्या बोल्टवर सारा भार येतो आणि झाकण वाकते.

• जुने बोल्ट पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. कोणता कुठला हे परत बसवताना आठवावे लागत नाही.

• नायलॉनचे नट, खिळपिना आणि तारा पुन्हा वापरू नका. नवा बोल्ट घेताना डोक्यावरचा दर्जाचा आकडा पाहा. ८.८ च्या जागी आकडाच नसलेला बोल्ट दिसायला सारखा असला तरी ताकदीला सारखा नसतो.

■ परत बसवताना एक सावधानता

पुढच्या वेळी जाम होऊ नये म्हणून आट्यांना ग्रीस किंवा जाम न होऊ देणारा लेप लावणे चांगलेच. पण घर्षण कमी झाले की त्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो. कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला जोर ग्रीस लावलेल्या आट्यांना दिला, तर बोल्ट मर्यादेपलीकडे ताणून पुढे धावत्या यंत्रात तुटू शकतो. म्हणून पुस्तिकेत ‘कोरडे’ की ‘वंगण लावून’ काय लिहिले आहे, ते पाहावे. चाकांच्या नटांना उत्पादकाने सांगितल्याशिवाय ग्रीस लावू नये. आणि दुरुस्तीनंतर चाकाचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा तपासावेत.

साखर कारखान्यांचे गाळप संपले की जिल्ह्यातील फिटरांचा दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. शेकडो बोल्ट सुटतात, शेकडो परत बसतात. त्यातल्या अडलेल्या एका बोल्टपुढे पाइप शोधायला जाण्याआधी पाच मिनिटे थांबून ‘हा अडला कशाने?’ एवढे विचारले, तरी बरेचसे बोल्ट न तुटता निघतात. उरलेल्यांना तेल देऊन रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाना लावावा.